पॅनेलचं दार बंद ठेवण्याची किंमत

मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एखाद्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतण्याच्या कारखान्यात, शिरा. इलेक्ट्रिकल पॅनेलचं दार सताड उघडं असेल आणि समोर स्टँडचा पंखा पूर्ण वेगात आत हवा मारत असेल. दारावर लाल अक्षरांत ‘धोका, ४१५ व्होल्ट’ लिहिलेलं असतं, पण दार मागे भिंतीला टेकल्यामुळे ते वाचायची सोय नसते. मेंटेनन्सवाल्याला विचारा. तो म्हणेल, ‘‘दार लावलं की दुपारच्याला ड्राइव्ह ट्रिप मारतोय बघा, साहेब.’’

तो खोटं बोलत नाही. पॅनेलमध्ये मोटारीचा वेग कमी-जास्त करणारा जो ड्राइव्ह असतो, तो वीज पुढे पाठवताना तिच्यातले शंभरातले तीन ते पाच भाग स्वतःच खातो आणि तेवढी उष्णता आत सोडतो. १५ किलोवॅटच्या ड्राइव्हची ही खादाडी तीन टक्के धरली तरी ४५० वॅट होतात. जुन्या पिवळ्या १०० वॅटच्या बल्बांच्या भाषेत बोलायचं तर बंद लोखंडी कपाटात साडेचार बल्ब, दिवसरात्र. शिवाय ट्रान्सफॉर्मर, पॉवर सप्लाय आणि कॉन्टॅक्टरच्या कॉइल असतातच. बहुतेक ड्राइव्ह आपली पूर्ण ताकद भोवतालच्या ४० अंश सेल्सिअसपर्यंतच देतात. त्यापुढे करंट कमी घ्यावा लागतो, आणि तो घेतला नाही तर ड्राइव्ह स्वतःच बंद पडून जीव वाचवतो. ड्राइव्हच्या आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तर तापमानाच्या बाबतीत फारच हळवे. तापमान दर १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं, असा या क्षेत्रातला जुना ढोबळ नियम आहे.

मग पंखा लावला तर बिघडलं कुठे? बिघडतं ते हवेबरोबर आत येणाऱ्या मालामुळे. फाउंड्रीच्या हवेत वाळू असते, कोळशाची काळी भुकटी असते, फेटलिंगच्या, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करण्याच्या, ग्राइंडरमधून उडालेला लोखंडाचा बारीक कीस असतो. यातली वाळू फक्त साचते. कोळसा आणि लोखंड मात्र वीज वाहून नेतात. सर्किट बोर्डावर त्यांचा थर बसला, पावसाळ्यात त्याला दमटपणा मिळाला, की एके दिवशी कारण न सापडणारा फॉल्ट येतो आणि ३० हजारांचं कार्ड जातं. इचलकरंजीच्या मागाच्या शेडमध्ये हेच काम कापसाचे बारीक तंतू करतात, साखर कारखान्यात बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडाचा, भुसा करतो, कोकण किनाऱ्यावर खारी हवा करते. पॅनेल विकत घेताना आपण आयपी ५४ किंवा आयपी ६५ असे आकडे बघून, दाराच्या कडेची रबरी पट्टी, म्हणजे गॅस्केट, तपासून, जास्तीचे पैसे मोजून घेतो. यातला पहिला आकडा धुळीपासूनच्या संरक्षणाचा, दुसरा पाण्यापासूनच्या. दार उघडलं त्या क्षणी दोन्ही आकड्यांचं शून्य होतं.

दारालाच फिल्टर आणि पंखा बसवायचा, हा पुढचा आणि खूप ठिकाणी पुरेसा उपाय. पण त्याची एक मर्यादा कितीही मोठा पंखा घेतला तरी ओलांडता येत नाही: पंखा बाहेरचीच हवा आत घेतो, त्यामुळे पॅनेल बाहेरच्यापेक्षा गार कधीच होणार नाही. भट्टीजवळ ४५ अंश असतील तर आत ५० तरी असणारच. फिल्टरची चटई फाउंड्रीत आठवड्याभरात तुंबते, ती कोणी धूत नाही, आणि मग कोणीतरी शहाणा ती काढूनच टाकतो. हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता नवल वाटत नाही.

इथे पत्र्याचाही हिशेब करून बघण्यासारखा आहे. रंगवलेल्या पत्र्याच्या पॅनेलमधून दर चौरस मीटरमागे, दर अंशाच्या फरकाला, साधारण साडेपाच वॅट उष्णता आरपार जाते. दोन मीटर उंच, ८० सेंटिमीटर रुंद, ६० सेंटिमीटर खोल असं एकटं उभं पॅनेल घेतलं, तर उष्णतेच्या कामाचं क्षेत्रफळ साधारण ५.७ चौरस मीटर भरतं. आत ६०० वॅट उष्णता तयार होते आणि आपल्याला आत ४० अंश राखायचे आहेत असं समजू. डिसेंबरात बाहेर २५ अंश असताना पत्र्यातून ४७० वॅट आपोआप बाहेर पडतात, म्हणजे उरलेल्या १३० वॅटचीच काळजी. मे महिन्यात भट्टीशेजारी ४५ अंश असताना मात्र उष्णता उलटी वाहते. बाहेरून १५५ वॅट आत येतात आणि काढायची उष्णता होते साडेसातशे वॅट. हिवाळ्यात ‘काही प्रॉब्लेम नाही’ म्हणणारा आणि उन्हाळ्यात रडणारा माणूस एकाच पॅनेलबद्दल बोलत असतो, आणि दोन्ही वेळा खरंच बोलत असतो.

बाहेरची हवा आत घ्यायची नाही, तरी आत बाहेरच्यापेक्षा गार ठेवायचं, अशी अट आली की पर्याय थोडेच उरतात. पॅनेलचा एसी हा त्यातला सरळ पर्याय. पण उष्णता बाहेर टाकणारा त्याचा भाग, कंडेन्सर, बाहेरच्या बाजूला असतो आणि त्याच धुळीत श्वास घेतो. जाळी तुंबली की तोही ट्रिप. भट्टीच्या तोंडाशी असलेल्या उष्णतेत किंवा हादरणाऱ्या मशिनवर त्याचं आयुष्य फार नसतं. थंड पाण्यावर चालणारा कूलर चांगला, पण त्यासाठी तिथपर्यंत चिलरची, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राची, पाइपलाइन हवी, आणि ४१५ व्होल्टच्या डब्यात पाणी न्यायला बरेच जण कचरतात. कॉम्प्रेस्ड हवेची लाइन मात्र बहुतेक प्रत्येक मशिनपाशी आधीच आलेली असते. त्या हवेवर चालणारी, वीतभर लांबीची, एकही हलता भाग नसलेली एक नळी पॅनेलच्या माथ्यावर बसवली की आत गार वारा सुटतो. तिला व्होर्टेक्स ट्यूब म्हणतात. मराठीत भोवरानळी म्हणायला हरकत नाही.

पहिल्यांदा बघणाऱ्याला ही नळी जादूटोणाच वाटते. तिच्या पोटात एका बाजूने, कडेला घासून, पाच ते सात बार दाबाची साधी हवा शिरते. एका टोकातून बर्फासारखी हवा येते, दुसऱ्या टोकातून हात भाजेल इतकी गरम. वायर नाही, मोटार नाही, गॅस नाही.

हा शोध ठरवून लागला नाही. जॉर्ज रांक हे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या हवेवर काम करत होते, तेव्हा त्यांना हे दोन टोकांचं गौडबंगाल दिसलं. १९३३मध्ये त्यांनी ते शास्त्रज्ञांपुढे मांडलं, पण लोकांचा त्यावर फारसा विश्वास बसला नाही. पुढे जर्मनीत रुडोल्फ हिल्श यांनी नळीची मापं नीट बसवून १९४६मध्ये आपले प्रयोग छापले आणि नळी जगभर पोचली. म्हणून तिचं पूर्ण नाव रांक-हिल्श नळी. तिची चर्चा निघाली की मॅक्सवेलचा राक्षसही हमखास निघतो. १८६७मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी एक काल्पनिक द्वारपाल उभा केला होता. तो हवेतले वेगवान रेणू एकीकडे आणि संथ रेणू दुसरीकडे निवडून सोडतो, म्हणजे काहीही खर्च न करता एक खोली गरम आणि एक गार. भोवरानळीत हा राक्षस बसलाय असं गमतीनं म्हणतात. तो तिथे नाही. रेणूंची निवडानिवड होत नाही आणि फुकट तर काहीच होत नाही.

नळीत काय चालतं ते बागेतल्या फिरत्या चक्रावरून समजेल. लोखंडी गोल चकती, कडेला धरायला दांडे, चार पोरं बसलेली, पाचवा ढकलून उडी मारणारा. चकती जोरात फिरत असताना कडेची पोरं मध्याकडे सरकली की चकतीचा वेग वाढतो. मध्याशी आलेल्या पोराला फिरण्याचा वेग तेवढा लागत नाही. त्याच्याकडची जास्तीची गती चकतीला मिळते. आता चकतीच्या जागी नळीच्या कडेनं फिरणारा हवेचा भोवरा धरा. आत शिरलेली हवा कडेकडेनं प्रचंड वेगानं फिरत गरम टोकाकडे जाते. तिथे एक शंकूच्या आकाराची चावी थोडीच फट ठेवून बसलेली असते. काही हवा त्या फटीतून बाहेर सुटते, बाकीची अडते आणि नळीच्या मधोमध, आतल्या छोट्या भोवऱ्याच्या रूपात, उलटी परत येते. हा आतला भोवरा मध्याकडे सरकलेल्या पोरासारखा. बेसिनमधलं पाणी भोकाजवळ जसं जास्त वेगानं फिरतं, तसं खरं तर त्यानंही फिरायला हवं होतं. पण बाहेरचा भोवरा त्याला आपल्याबरोबर, जवळपास एकाच तालात, फिरायला लावतो. आतल्या हवेला आपली जास्तीची ऊर्जा बाहेरच्या हवेला देऊन टाकावी लागते. देणारी गार पडते, घेणारी तापते. आतली हवा गार टोकाच्या भोकातून बाहेर येते.

नेमकी देवाणघेवाण कशी होते, यातला प्रवाहातल्या खळबळीचा वाटा किती आणि ध्वनिलहरींचा किती, यावर अजून शोधनिबंध निघतात. कारखान्यात त्यानं फरक पडत नाही. फरक पडतो तो जमाखर्चानं. समजा, सात बारला पाच भाग हवा आत गेली. त्यातली चार भाग गार टोकातून ३० अंशांनी उतरून बाहेर आली. तर उरलेल्या एका भागाच्या वाट्याला चारपट ओझं येतं. ती शंभराहून जास्त अंशांनी तापते. खाली उतरलेलं सगळं वर चढलेल्यात सापडतं. म्हणून गरम टोकाला हात लावायचा नाही, आणि ते पॅनेलच्या बाहेरच राहील असं बसवायचं.

इथे एक गैरसमज काढून टाकतो, कारण त्यापायी लोक भोक पाडून थेट लाइनच पॅनेलमध्ये सोडतात. दाबाखालची हवा नुसती मोकळी सोडली की ती खूप गार होते, असं वाटतं. तशी ती होत नाही. सात बारवरून उतरताना दीड-दोन अंश फरक पडला तर पडला. मिनिटाला एक हजार लिटर हवा, म्हणजे साधारण ३५ सीएफएम (मिनिटाला घनफूट), ३० अंशांवर थेट ४० अंशांच्या पॅनेलमध्ये सोडली, तर ती २०० वॅट उष्णता घेऊन जाते. तीच हवा भोवरानळीतून नेली, त्यातला पाचवा हिस्सा गरम टोकानं फुकट घालवला, तरी उरलेली हवा शून्य अंशाच्या आसपास येते आणि सव्वासहाशे-साडेसहाशे वॅट उचलते. तिप्पट काम. फाउंड्रीतल्या आपल्या पॅनेलच्या साडेसातशे वॅटला तेही थोडं कमीच पडेल, आणि एवढंही मिळेल ते लाइनमधली हवा खरोखर ३० अंशांची असेल तरच.

पण बहुतेक ठिकाणी ती तशी नसते, आणि कॅटलॉगमध्ये हे बारीक अक्षरात असतं. कॅटलॉगचे आकडे २० अंशांच्या आसपासच्या हवेवर काढलेले असतात, कारण ते लिहिणारे थंड देशातले. आपली कॉम्प्रेसर रूम पत्र्याची, पश्चिमेकडे खिडकी, कॉम्प्रेसरमधून निघालेली हवा गार करणाऱ्या आफ्टरकूलरच्या जाळीत वर्षाचा कचरा. मे महिन्यात लाइनची हवाच ४० अंशांवर असते. नळी तिला ३० अंशांनी उतरवून १० वर आणते. पॅनेलमध्ये ३५ अंश राखायचे तर आता ती फक्त २५ अंशांचं काम करू शकते. २० अंशांच्या हवेवर ४५ अंशांचं केलं असतं. कॅटलॉगमधले ७०० वॅट आपल्याकडे ४०० होतात, तेही नेमके उन्हाळ्यात. नळीला दोष देण्याआधी आफ्टरकूलर धुवावा.

आता किंमत. कारखान्यात हवा फुकट असल्यासारखी वागवतात. अंगावरची धूळ झटकायला हवा, फरशी झाडायला हवा, डबा गार करायला हवा. पण सात बारची १०० सीएफएम हवा तयार करायला कॉम्प्रेसरला १८ ते २० किलोवॅट वीज लागते. आपल्या ३५ सीएफएमच्या नळीमागे म्हणजे साडेसहा किलोवॅट. त्यातून गारवा मिळतो जास्तीत जास्त ७०० वॅटचा. दहा रुपयांची वीज जाळून एक रुपयाचा गारवा, असा हा सौदा आहे. युनिटला ९ रुपये धरा, वर्षाला ३०० दिवस, तिन्ही शिफ्ट. नळी अखंड चालली तर वर्षाचं बिल ४ लाख २० हजारांच्या घरात जातं. तेवढाच गारवा देणारा पॅनेल एसी ४०० वॅट खातो असं धरलं तर त्याचं वर्षाचं बिल २६ हजार. विकणारा सांगतो की नळीला मेंटेनन्स नाही. बरोबर सांगतो. बिल कॉम्प्रेसरच्या मीटरवर येतं आणि तो मीटर कोणी त्या पॅनेलशी जोडून बघत नाही.

म्हणून नळी घेतलीच तर थर्मोस्टॅट आणि सोलेनॉइड व्हॉल्व्हसह (विजेवर उघडझाप करणारा व्हॉल्व्ह) घ्यावी. आत ३५ अंश झाले की हवा सुरू, उतरले की बंद. रात्री, पावसाळ्यात, हिवाळ्यात ती बराच वेळ गप्प बसते आणि बिल निम्म्याखाली येतं. पूर्ण वाचतं असं नाही, कारण अनलोड झालेला, म्हणजे हवा न भरता नुसता फिरणारा, जुना कॉम्प्रेसरही थोडी वीज खातच राहतो. तरीही हा व्हॉल्व्ह वाचवणारे लोक मी पाहिलेत. चार-पाच हजारांची बचत झाली म्हणून ते खूष असतात.

जाता जाता: तीन मिलिमीटरच्या भोकातून सात बारला वीसेक सीएफएम हवा सुटते. शॉपवर फुसफुसणारी अशी दोन भोकं बुजवली तर एक नळी चालेल एवढी हवा घरातच निघते.

हवेच्या शुद्धतेबद्दल मात्र थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण चुकलं तर पॅनेल गार ठेवण्याच्या नादात आपण त्याला तेल-पाणी पाजतो. कॉम्प्रेसरच्या लाइनमध्ये पाणी असतं, तेलाचा धूर असतो, जुन्या पाइपचा गंज असतो. नळीच्या आधी पाच मायक्रॉनचा फिल्टर हवाच, आणि त्याचा ड्रेन रोज उघडला गेला पाहिजे. तेल असेल तर तेल पकडणारा वेगळा फिल्टर. ड्रायर असेल तर काम फारच सोपं होतं. रेफ्रिजरेटेड ड्रायर दाबाखाली ३ अंशांचा दवबिंदू देतो, म्हणजे हवा त्याखाली गार झाली तरच तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं. तीच हवा मोकळी झाली की तिचा दवबिंदू उणे २० अंशांच्याही खाली जातो. अशा कोरड्या हवेतून पॅनेलमध्ये पाण्याचा थेंबही पडत नाही. ड्रायर नसेल आणि हवा ४० अंशांना ओलीचिंब असेल, तर मोकळी झाल्यावरही तिचा दवबिंदू ५-६ अंशांवर राहतो. नळीची गार हवा त्याखाली गेली की आत दहिवर, कधी बर्फ, आणि गार भोक तुंबलं. आणि लाइनला एफआरएल युनिट (फिल्टर, रेग्युलेटर आणि ल्युब्रिकेटर यांचा जोड) असेल तर त्यातला ल्युब्रिकेटर, म्हणजे तेल सोडणारी वाटी, नळीच्या फाट्यावर असता कामा नये. तो न्यूमॅटिक सिलेंडरसाठी आहे. पॅनेलला वंगण लागत नाही.

कोरडी हवा सतत थोडी आत येत राहिली तर आणखी एक फायदा होतो. पॅनेलमध्ये बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त दाब राहतो, त्यामुळे एखादी ग्लँड, म्हणजे केबल आत शिरते तिथली बुचासारखी पकड, सैल असली तरी त्या फटीतून हवा बाहेर जाते आणि धूळ आत येत नाही. पण आत आलेल्या हवेला बाहेर पडायला वाट हवी. चांगल्या कूलरमध्ये ती वाट असते आणि हवा बंद झाली की ती आपोआप मिटते. स्वस्तातल्या जुगाडात वाट नसते. मग कोंडलेली हवा दार फुगवते, गॅस्केट सरकवते आणि एवढ्या खर्चाचा सगळा हेतूच वाया जातो. हा किंचित दाब म्हणजे स्फोटक वायूंच्या जागेसाठी लागणारं पर्जिंग (स्वच्छ हवा सोडून तो वायू पॅनेलबाहेर ठेवणं) नव्हे, हेही सांगून ठेवतो. पेंट शॉप किंवा सॉल्व्हंटच्या खोलीतल्या पॅनेलला वेगळे नियम आणि वेगळी यंत्रणा असते. तिथे ही नळी लावून मोकळं होता येत नाही.

गरम टोकाच्या चावीशी खेळण्याचा मोह कोणालाच आवरत नाही. चावी मोकळी सोडली की जास्त हवा गरम टोकानं जाते आणि गार टोकाची हवा उणे ४० पर्यंत उतरते. बघायला मजा येते, नळीवर बर्फ जमतो, ऑपरेटर मोबाइलवर व्हिडिओ काढतो. पण तेव्हा गार हवा पाचातला एकच भाग येत असते. २० टक्के हवा ६८ अंशांनी गार झाली तर तिचा गुणाकार साडेतेरा. ८० टक्के हवा ३० अंशांनी गार झाली तर २४. पॅनेलला थर्मामीटरवरचा आकडा नको असतो, उष्णता उचलून नेणारी हवा हवी असते. म्हणून कूलरमध्ये ही चावी नळी बनवणाऱ्याकडेच योग्य जागी पक्की केलेली असते. तिला हात लावू नये. आवाजासाठी सायलेन्सर मात्र बघून घ्यावा, नाहीतर दिवसभर शेजारी कुकरची शिट्टी चालू.

सुरुवातीच्या पंख्यासारखाच एक पंखा मी काम करत होतो त्या फाउंड्रीतही होता, एका पॅनेलसमोर तीन उन्हाळे उभा. तिथे भोवरानळी घ्यायचं ठरत आलं होतं. आधी आत एक थर्मामीटर टांगून आठवडाभर आकडे लिहिले, तेव्हा लक्षात आलं की निम्म्याहून जास्त उष्णता दोन ड्राइव्हच्या हीटसिंकची, म्हणजे त्यांची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांची, आहे. ड्राइव्ह बदलायची वेळ आलीच होती. नवे घेताना मागच्या पत्र्याला चौकोन कापून हीटसिंक बाहेर काढता येतील असे घेतले. त्यांची उष्णता पॅनेलमध्ये आलीच नाही. उरलेल्यासाठी पत्राच पुरला. एकच नळी घेतली, तीही दुसऱ्याच ठिकाणी: भट्टीच्या माथ्यावर पायरोमीटरचा, म्हणजे दुरून तापमान मोजणाऱ्या यंत्राचा, छोटा डबा होता, तिथे ६० अंश असायचे आणि एसी चढवायला जागाच नव्हती. तिथे ती अजून चालते, दिवसा फुसफुसते, रात्री गप्प असते. पॅनेलचं दार बंद आहे, लाल अक्षरं दिसतात, आणि तो पंखा आता शिफ्ट सुपरवायझरच्या खुर्चीमागे फिरतो.